आबांचा डावा हात बांधल्याची हकिकत

बोर्ली पंचतन,
११ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप नीराआत्यास भाची गोदूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (मी परळला नाही म्हणून पाण्याच्या कळश्या स्वतः वर चढवू नका.) इकडे आई, गुरं, पोफळीची वाडी, सर्व खुशाल. आबाही खुशाल, म्हणजे दिवसभर ओरडतात.

तुमचे हे बंधुराज श्रावणात पोफळीवरून पडले. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताची बोटं ताठच राहिली. मी दोन वर्षं व्यवसायोपचार शिकलेली, म्हणजे हाताला काम देऊन हात बरा करणारी. दिवाळीच्या सुट्टीत आल्या आल्या मी त्यांच्यापुढे बांबूच्या पट्ट्या ठेवल्या. आबा म्हणाले, "टोपल्या इनायला मुंबईत कशाला जाया पायजे? गावात धर्मा हाय की." आणि वर अट घातली: सुट्टी संपायच्या आत त्यांची मूठ वळली तर मी उरलेलं वर्ष पुरं करायचं, नाहीतर घरी बसायचं.

मूठ वळणार कशी? आपल्याकडे आजाऱ्याला कुणी काडी उचलू देत नाही. शेजारचा दादू घास भरवतो, आई सदऱ्याची बटणं लावते, उरलेलं सगळं डावा हात करतो. म्हणून गुरुवारी दुपारी मी पंच्यानं तो डावा हातच आरामखुर्चीला बांधला (झोपेत, जागेपणी माझी काय छाती!). दादूनं ते खिडकीतून पाहिलं आणि येसाजीला वेड लागलं, बांधून ठेवलाय, अशी गावभर दवंडी पिटली. तासाभरात ओटीवर चाळीस माणसं, आणि कडुलिंबाचा पाला घेऊन भगत!

आता आबांची पंचाईत बघा. आल्यागेल्याला यजमानानं स्वतः कातरलेली सुपारी द्यायची, हा आपल्या घरचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. "सोड गो मला!" म्हणून ते गरजले, पण घाबरून मला माझीच गाठ सुटेना. मग त्यांनी उजव्या हातानं अडकित्ता ओढला. सुपारी मी धरली. पहिल्या चार अंगणात उडाल्या, पाचवी भगताच्या कपाळाला लागली. वीस माणसं होईपर्यंत बोटं अर्धी वाकली! मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांदेखत रडले. (माझी बोटं अजून दहाच्या दहा आहेत.) भगत श्रेय आणि नारळ दोन्ही घेऊन गेला.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही सुपारी कातरतो. पण आबा म्हणतात, अजून ठणकतं, ह्याला मूठ म्हणत न्हायत. आणि कॉलेज तर पुढच्या सोमवारी, एकोणीस तारखेला उघडतं.

तुमची,
गोदू

ता. क. खरं काम राहिलंच. आबा फक्त तुमचं ऐकतात. त्यांना एक कडक पत्र टाका ना.

ता. क. दुसरा. नीरे, हे वाकडं अक्षर माजं, येसाजीचं. पोरगी पाकिटाला खळ आणाया आत गेलीय. कडक पत्र टाकू नको. मूठ शुक्रवारीच वळली, हे उजव्या हातानंच लिवतोय. शनिवारच्या बोटीनं मीच तिला आणून सोडतो. तवर दुखतं म्हणतोय, कारन सकाळच्याला माजा हात हातात घेऊन बसते. एकदा गेली की कोन बसनार?