केवळ वाचनासाठी

सोमवार, ३ जून
नवी नोकरी, खिडकीजवळची खुर्ची, चालणारा पंखा. तक्रारीला जागा नाही. वकीलबाईंच्या ऑफिसात लोक आपल्या पश्चात घरच्यांना द्यायची पत्रं ठेवतात आणि मन बदललं की येऊन दुरुस्त करून जातात. तीनशे बारा फाइली, एक साधा टेक्स्ट एडिटर. हे सगळं सांभाळायचं काम माझं. पत्रं छापून पोचवायचं काम जुने कारकून नाना करतात. त्यांनी आल्या आल्या विचारलं, पोरी, यंत्राशी बोलतेस तेवढं माणसांशी बोलतेस का? मी म्हटलं, यंत्र टोमणे मारत नाही. पोट धरून हसले.

ही रोजनिशी त्याच एडिटरमध्ये लिहिते आहे. आईला लिहायला घेतलेलं पत्रही इथेच आहे. वर्षभर आम्ही बोललेलो नाही. शेवटचं वाक्य मात्र झकास जमलंय: 'तुझ्या पोटी जन्मले, एवढीच माझी चूक.'

गुरुवार, ६ जून
निवृत्त मास्तर आले होते. मुलाला लिहिलेल्या पत्रातली एक ओळ त्यांना काढायची होती. फाइल उघडली ती 'केवळ वाचनासाठी'. परवानग्या तपासल्या, लिहिण्याची मुभा होती. दुसऱ्या कुणी उघडून ठेवली नव्हती. डिस्कवर जागा होती. एडिटरची सेटिंगं ठीक. प्रत काढली, तर तीही तशीच. मास्तर म्हणाले, एक ओळ खोडायला माझी लाल पेन्सिल बरी होती. मी त्यांना उद्या यायला सांगितलं.

शुक्रवार, ७ जून
मास्तर सकाळी वारले.

नानांनी पत्र छापलं. ओळ तशीच होती: 'माझ्यासाठी तू कधीच मेलास.' मी थांबवायला गेले, तर म्हणाले, फाइल अशी बंद झाली की पाकीट तयार करायचं, इथली पद्धत आहे. तुझ्या आधीच्या मुलीनेही खूप खटपट केली होती.

मी योगायोग म्हटलं.

मंगळवार, ११ जून
आणखी दोन. काल शिवणकाम करणाऱ्या बाई, आज बेकरीवाले. आदल्या दिवशी फाइल बंद, दुसऱ्या दिवशी माणूस. एडिटर काढून नवा टाकला. फरक शून्य. योगायोग हा शब्द मागे घेते.

बुधवार, १२ जून
आईचं पत्र. केवळ वाचनासाठी.

पुसलं. परत आलं.

फोन केला. आई म्हणाली, आज कशी आठवण झाली महाराणींना? आवाज खणखणीत. मी डॉक्टरकडे जा म्हटलं, तर उलट मलाच विचारलं, तुला काही झालंय का? तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, नेटवर्क तपासत होते. ठेवला.

गुरुवार, १३ जून
सकाळी आईच्या शेजारी चौकशी केली. आई ठणठणीत. बाजारात गेली आहे.

मास्तरांचा मुलगा पाकीट न्यायला आला. धडधाकट. दारातच वाचलं, घडी घातली, निघून गेला. पत्र त्याला होतं, पण गेले मास्तर. ज्याला लिहिलं तो नाही — ज्यानं लिहिलं तो —

आणि मी आईला डॉक्टरकडे —

दुपार
नाना पाकिटावर पत्ता लिहिताहेत. आईचा. मी हात जोडले. म्हणाले, पद्धत आहे, पोरी. मान वर केली नाही.

आईचा फोन व्यस्त. तीही मलाच लावत असेल —

प्रिंटर सुरू झाला. वायर काढली आहे, तरी —

वरच्या पट्टीत तेच शब्द. या रोजनिशीच्या फाइलवर. अजून अक्षरं उमटताहेत —

आई, ते शेवटचं वाक्य खोटं आहे, मी तुझ्या पोटी जन्मले म्ह