तेवीस तुझ्या, चार माझ्या

द्वारका, नाशिक
ता. ११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मालनबाईला वच्छीचा रामराम.

इकडं सगळी बरी हायेत, माझे गुडघे सोडून. त्यांचं आपसात पटत नाय. तुझी तब्येत कशी हाय? दिवाळीच्या चकल्या यंदा माणसांनी खाल्ल्या का गुरांपुढं गेल्या? राग मानू नको. तुझ्या चकलीनं खिळा ठोकता येतो, हे अख्ख्या घोटीला माहीत हाय.

तू म्हणशील, फोन सोडून हिला पत्राचं काय याड लागलं. तुझा संतोष फोन स्पीकरवर टाकतो आन सून भाकरी थापता थापता ऐकती. हे तू एकटीनं वाच. चौथीपर्यंत माझ्याच शेजारी बसून शिकली, वाचता येतं तुला.

तू दोनदा निरोप धाडला का माझा तरुणपणाचा एखादा फोटो असंल तर दे. नातवंडं म्हणत्यात आजी पहिल्यापासूनच म्हातारी होती. मी सांगितलं, बुरशी लागली, सगळं गेलं. ते खोटं. बुरशी हाय, पण कडेकडेनं. तू मधोमध टवटवीत बसलेली.

आमच्या ह्यांची पत्र्याची पेटी तुला आठवत असंल. शेतकी खात्यात होते तवा गावोगावी चादर बांधून भाताची आवणी, रोपं कशी लावायची ते दाखवायचे, त्या स्लाइडी तिच्यात. हे गेल्यापासून सहा वर्षं पेटी माळ्यावर होती. हर्षालीनं, माझ्या नातीनं, खाली काढली. पांढऱ्या दिव्याच्या पाटीवर एकेक स्लाइड ठेवती, वरून मोबाईल लावती, फोटो काढती आन कम्प्युटरात भरती. धूळ झाडायचं काम माझ्याकडं. हातात पांढरे मोजे घालून बसते. शेजारीण म्हणली, मावशी, ऑपरेशन हाय का? मी म्हणलं, हो, एका बाईला बाहेर काढायचं हाय.

ती बाई तू. मोजल्या मी. तुझ्या तोंडाच्या तेवीस. माझ्या चार, त्यातल्या दोनात नुसती पाठ आन दोन हललेल्या. तुझं नाक, तुझी नथ, तुझा तो खोचलेला काष्टा. एका स्लाइडीत तर भात दिसतच नाय, नुसती तूच. सरकारनं भाताचे पैसे दिले होते.

मी तवाच विचारलं होतं ह्यांना, माझा का नाय काढत? तर म्हणे, तू गप राहत नाय, तोंड चालू असतं, फोटो हलतो. मी हसले. मनात काय झालं ते नाय सांगितलं. मालन, तू गोरी म्हणून मी कधी जळले नाय. तुला गप उभं राहता येतं म्हणून जळले.

आता खरं लिहिते. आज नाय लिहिलं तर परत पेन धरणार नाय.

तू खात्याच्या शेतावर आवणीला यायची, त्या वर्षी ह्यांनी घरात भिंतीवर एक स्लाइड दाखवली. जांभळीखाली एक बाई निजलेली. पदर तोंडावर. हात गवतावर पडलेला, मनगटावर तुळशीचं गोंदण. आपण घोटीच्या बाजारात एकाच दिवशी गोंदून घेतलं होतं, तू डाव्या हातावर, मी उजव्या, कारण माझा डावा तव्यानं भाजला होता. भिंतीवरचा हात डावा होता. ह्यांनी काय सांगायच्या आत मी दिवा लावला आन म्हणले, जेवायला उठा. परत ती स्लाइड मी पाहिली नाय. विचारलं पण नाय. निजलेल्या बाईचा फोटो माणूस कवा काढतो, हे काय विचारायचं असतं का?

पुढच्या बाजाराला तुझी सासू झुंबरबाई भेटली. मी तिला म्हणले, "मावशी, तुमची सून फोटोत लय गोड दिसती बरं का. आमच्या घरात रोज भिंतीवर असती." एवढंच. गंमतीनं म्हणले, मी सगळंच गंमतीनं म्हणते.

दुसऱ्या दिवसापासून तुला शेतावर सोडलं नाय. इगतपुरीला बायांना आवणी शिकवायला ह्यांच्या साहेबांनी तुझं नाव लिहिलं होतं, पगारावर. ते गेलं. तू माझ्याच ओट्यावर येऊन रडली. मी तुला चहा दिला आन म्हणले, सासवा अशाच असत्यात गं. तू पदरानं डोळे पुसून म्हणली, वच्छी, तू हायेस म्हणून बरं.

गेल्या गुरुवारी ती स्लाइड निघाली. हर्षाली म्हणली, "आजी, ही उलटी बसवलीय. बाकी सगळ्यांची चकचकीत बाजू वर हाय, हिची मळकट." फ्रेम तुटली असंल, ह्यांनी नवीन घालताना उलटी घातली असंल. तिनं कम्प्युटरात बटण दाबलं. हात इकडचा तिकडं गेला. उजवा झाला.

माझाच हात, मालन. मी भाकरी घेऊन शेतावर जायचे, एकदा जांभळीखाली डोळा लागला होता. त्या माणसाला मी एवढीच गप सापडली. त्यांनी गुपचूप काढलेला माझा एकच फोटो, तो मी चाळीस वर्षं तुझ्या नावावर ठेवला आन त्याची शिक्षा तुला दिली.

माफ कर असं लिहीत नाय. तू लगेच करशील, आन मग मला काय उरलं?

संतोषच्या मोबाईलवर हर्षाली बावीस फोटो धाडती. पोरांना दाखव. तू सुंदर होती, हे मी लिहून देते, सही करून.

तेविसावा माझ्याकडं ठेवलाय. त्यात तू बांधावर उभी, हातात रोपांची जुडी, आन हसून हसून डोळे मिटलेत. कॅमेऱ्यामागं हेच होते. हसायला काय म्हणले होते ते तुला? छत्तीस वर्षं मी त्या माणसाला हसवलं. मला एकदा पण त्यांनी हसवलं नाय. तेवढं आठवून लिही, मग फोटो देते. आठवत नसंल तर काय बनवून लिहू नको, ह्यांचं बोलणं मी ओळखते.

उत्तर नाय आलं तरी मला समजंल.

अजून जळणारी,
वच्छी