मामावरचा दात

गोंडपिपरी, १६ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल,

सप्रेम जय भीम. आम्ही खुशाल, बल्लारपूरची खुशाली तू कळवशीलच. टपालातून कागद आला म्हणून घाबरू नकोस. बातमीच तशी आहे: दिव्यानीचा पहिला दात पडला! पेरू खाता खाता पडला, आणि तुझी भाची रडायचं सोडून अंगणभर नाचली.

गेला महिनाभर ती झोपेत दात खात होती. अशी करकर, की मी दचकून उठायचे. शेजारच्या केसरबाई म्हणाल्या, "पोरगी दात खाते, मामाच्या जीवावर येते वो." मी उसळले. ज्या तोंडाला अजून पाढे येत नाहीत, त्या तोंडात मामाचं मरण कोंबता? अर्धा मोहल्ला गोळा झाला. या वयात पुष्कळ मुलं दात खातात, बहुतेकांचं आपोआप थांबतं, हे डॉक्टरांचं म्हणणंही मी सगळ्यांना खणखणीत ऐकवलं. टाळ्या पडल्या!

केसरबाई हरल्या नाहीत. "पोरीचं सोड. तुहाच तुह्या भावावर दात हाय, त्याचं काय करतं?"

दिव्यानीनं ते ऐकलं.

काल दात पडल्यावर केसरबाई तिला म्हणाल्या, "फेक घरावरच्या कवेलूवर. उंदीर नवा देईन." पोरगी मूठ उघडेना. "नाई! हा मामाले दाखवाचा हाय. माहा पडला, आता आईचा पडन. मंग मामा येईन." मग मला आ करायला लावून तिनं बोटानं एकेक दात हलवून पाहिला.

"आई, मामावरचा कोनता वो?"

प्रफुल, हजार माणसांपुढे न अडखळणारी मी, आ मिटला आणि हा कागद काढून बसले.

त्या सभेत "बाई, आटप" म्हणून तू माझा माईक बंद केलास, तो विषय मी इथे काढणार नव्हते. लोक जेवायला ताटकळले होते, हे खरं. माझा मुद्दा बरोबर होता, हेही तितकंच खरं! फोन केला असता तर पुन्हा भाषणच झालं असतं, आणि तू पुन्हा बंद केला असतास. कागदाला बटण नसतं.

पोरीची मूठ झोपेतही बंद आहे. रविवारी ये.

माझाही हलतोय रे. ओढायला तूच हवास.

आटपते.

तुझीच,
नंदाबाई