हिरव्या टिकल्यांचा अर्थ

प्रिय आत्या,

तुझ्या शोकसभेत मी चुकीचं सांगितलं, ते आधी दुरुस्त करते. मी म्हणाले होते, "माझ्या प्रत्येक वाईट वागण्याची आत्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिरवी टिकली लावायची." सगळे हसले. मीही हसले. पण ते खरं नव्हतं.

गेल्या रविवारी तुझं कपाट आवरताना जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी निघाली. मी सातवीत होते, तिथपासूनची. लाल टिकली माझ्या पाळीच्या दिवशी, आणि हिरव्या टिकल्या दर वेळी तिच्या आधीच्या चार-सहा दिवसांत! एका हिरव्या टिकलीशेजारी तुझ्या बारीक अक्षरात लिहिलंय : "आज गणित नको. दळण आणायला पाठवणे." दुसऱ्या एका ठिकाणी : "रडली. कारण विचारू नये. शिरा केला."

ही माझ्या गुन्ह्यांची यादी नव्हतीच. मला कधी जड जातं, ते तू टिपत होतीस.

तशी तुझी सवय जुनीच. "ही एका जागी बसत नाही" म्हणून पहिलीच्या बाईंनी हात टेकले, तेव्हा चौथीपर्यंत तूच मला घरी शिकवलंस. मी ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत पाढे म्हणायचे. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, तर तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "का हो, बसून म्हटलं तर सात आठे साठ होतात का?"

तेव्हा एडीएचडी हे नाव आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला ते आहे, हे गेल्या वर्षी कळलं. लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जातं आणि ते मुद्दाम नसतं, हे ऐकायला मला पंचविसावं वर्ष उजाडावं लागलं. आत्या, तू एकदा तरी सांगायचं होतंस गं! पाळीआधीचे हे दिवस असे येतात आणि जातात, एवढंच. तू मला सांभाळलंस, पण मला सांगितलं नाहीस. मी स्वतःला आळशी आणि नाटकी समजत राहिले. याचा थोडा राग आहे मला तुझ्यावर.

आता ओवीचं सांगते. ताईची ओवी बारा वर्षांची झाली. तिलाही एडीएचडी आहे, हे तू असतानाच कळलं होतं. सहा महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली आणि सगळं दुप्पट झालं. डबा विसरते, चिडते, मग तासभर रडते. वर्गात बाई तिच्या वहीतले शेरे मोठ्याने वाचून दाखवतात. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "मावशी, मी मुद्दाम नाही करत. पण मी वाईटच आहे बहुतेक." दोन दिवस शाळेत गेलीच नाही.

ताई म्हणते, "सगळ्याच मुलींना होतं गं. आपण नाही का गेलो त्यातून?"

"मी गेले ना ताई. कशी गेले, ते विचार की!"

डॉक्टरबाईंनी मात्र लगेच विचारलं, "पाळीच्या आधी वाढतं का? काही मुलींचं वाढतं. नोंद ठेवा." मी ठेवली. माझ्या फोनमध्ये, गुपचूप, तासातासाची. तू मला ओळखतेस! ओवीने ती पाहिली आणि तिचा चेहरा पडला. "माझ्यावर पाळत ठेवतेस?"

आत्या, मी तुझ्या कॅलेंडराकडे जशी बघायचे ना, अगदी तशीच ती माझ्याकडे बघत होती.

मी नोंद तिच्यासमोर पुसली. तुझी कॅलेंडरं जमिनीवर पसरली आणि सगळं सांगितलं. ती टिकल्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तूपण? आणि हे दरवेळी संपतं?" टिकल्यांचं पाकीट मी तिच्या हातात दिलं. आता ती स्वतःच्या टिकल्या स्वतः लावते. परवाच्या हिरव्या टिकलीशेजारी तिने लिहिलंय : "मी वाईट नाही. जड दिवस." ताईने ते वाचलं आणि शिरा करायला घेतला.

आता शाळा राहिली. मी तिथे काय बोलायचं ते चार वेळा लिहून पाच वेळा खोडलंय, पण बोलणार नक्की. शेरे वर्गात वाचायचे नाहीत. हिरव्या दिवशी तिला बाटली भरायला, एक फेरी मारायला जाऊ द्यायचं. समुपदेशक बाईंशी आठवड्यातून एकदा भेट. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे, ताई सोबत आहे. काय सांगायचं आणि काय नाही, ते ओवीने ठरवलंय. तुझं एक पान मात्र ने म्हणाली. शिऱ्याचं.

तुझ्यासारखं टिपून ठेवीन, आणि तू केलं नाहीस तेही करीन. तिला सगळं सांगत राहीन, आणि तिच्या बाजूने बोलेनही. सुरुवात पालकसभेपासून, येत्या शनिवारी, १२ जुलैला, सकाळी दहा वाजता.

तुझी, अजून फेऱ्या मारतच बोलणारी,
मीनल