प्रतीक्षा यादीतली पहिली

प्रिय मंजू,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. एरवी फोनवरच बोलणारी मैत्रीण पोस्टाचं पाकीट पाठवते म्हणजे तिचं डोकं फिरलंय असं तुला वाटेल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण हे तलाठी कार्यालयात, खातेदारांच्या गर्दीत उघडून बसू नकोस. खोलीवर जा, चहा टाक आणि मग वाच.

इकडे मी अजून ‘मॅडम’च आहे. पहिल्या गुणवत्ता यादीत माझं नाव दिसलं त्याच संध्याकाळी आमच्या कारभारीकाकांनी वरवटच्या स्टँडवर फ्लेक्स लावला. ‘तलाठीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली सगळी भावकी, आणि माझ्यापेक्षा काकांचा फोटो मोठा. मग अंतिम यादी आली. आपल्या प्रवर्गात तू निवड यादीत शेवटची आणि मी प्रतीक्षा यादीत पहिली. आता प्रतीक्षा यादी म्हणजे काय, हे गावाला कोण समजावणार? बाबा म्हणाले, कोणाला काही सांगायचंच नाही, कोणीतरी नोकरी सोडेलच. फ्लेक्स काढायचा तर कारण सांगावं लागतं, म्हणून तो तसाच आहे. उन्हाने त्यावरचा माझा चेहरा पांढराफटक पडलाय. काकांना मात्र काही झालेलं नाही.

शेजारचे उकंडराव परवा सातबारा घेऊन आले. “मॅडम, आमच्या फेरफाराचं पाहा ना जरासक.” म्हटलं, मामा, माझी ऑर्डरच आली नाही अजून. तर हसले आणि म्हणाले, “साहेब झालं का सारे असेच बोलतेत.” जाताना सातबाऱ्याची झेरॉक्स ठेवून गेले. अशा झेरॉक्सांची आता चळत झाली आहे आणि मला ती फेकवतही नाही.

नोकरी नाही, याचं दुःख मी एकवेळ पचवलं असतं. आपण दोघींनी बुलढाण्याच्या अभ्यासिकेत काय कमी निकाल पचवले? पण मला आता साधं कामसुद्धा करता येत नाही गं. वांग्याच्या तोड्याला निघाले तर बाबा दारात आडवे. “तलाठीनबाई वांगे तोडून राह्यली, लोक काय म्हनतीन?” मलकापूरला गुरांच्या सरकी-ढेपेच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायला मुलगी हवी होती. मी ड्रेस बदलून, पर्स घेऊन उभी होते. बाबांनी एकच विचारलं, आपल्या गावचं कोणी ढेप घ्यायला तिथे आलं तर? मी पर्स पुन्हा खुंटीला अडकवली. अभ्यासिकेतही जायचं नाही, कारण निवड झालेली पोरगी अजून कशाला अभ्यास करते? म्हणून मी मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यांमध्ये पुस्तक घेऊन बसते आणि कोणी आलं की लसूण सोलत असल्यासारखं करते. आमच्या घरात इतका लसूण कधीच सोलला गेला नव्हता.

मोबाइलवर एक टाय लावलेला माणूस रोज सांगतो, शांत राहा, सकारात्मक राहा. त्याला एकदा त्या पोत्यांमध्ये आणून बसवावं. त्याच्यापेक्षा तुझा नियम बरा होता. काय रडायचं ते अंघोळीच्या आधी रडायचं, अंघोळ झाली की पुस्तक उघडायचं. मी तो अजून पाळते. अंगावर पाणी घेतलं की एक प्रश्नपत्रिका सोडवायची, उत्तरं तपासायची, चुकलेलं पुन्हा वाचायचं. तेवढा वेळ मी कोणाची मॅडम नसते, आणि खरं सांगू, बरं वाटतं. पण गुरुवारी तुझा फोन आला आणि त्या दिवशी मी दोनदा अंघोळ केली.

त्याआधी आईचं सांगते. ती दर मंगळवारी देवीला जाते आणि मागते, “माय, त्या यादीतलं एखांदं गळू दे.” तुला ठेचा-भाकरी बांधून पाठवणारी माझी आई! यादीत शेवटचं नाव कोणाचं आहे, हे तिला ठाऊक नाही. मी सांगितलेलंच नाही. मला मात्र ठाऊक होतं, तरी मी तिच्या शेजारी हात जोडून उभी राहत होते.

आणि मग तू फोनवर रडलीस. फेरफार अडला म्हणून कोणी टेबलावर हात आपटला, गावात बोलायला माणूस नाही, खोलीत भीती वाटते. “मले नाई जमत वं रुपे. राजीनामा देऊन टाकू का? तुले तरी लागन.” मंजू, मला आनंद झाला. वाईट वाटण्याच्या आधी आनंद झाला. तू हुंदके देत होतीस आणि पहिल्या दिवशी कोणती साडी नेसायची, हे इकडे माझं ठरूनही गेलं होतं. नंतर बोलू म्हणून मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन बसले.

तर आता नीट ऐक. राजीनामा देऊ नकोस. हात आपटणाऱ्याची तक्रार मंडळ अधिकाऱ्यांकडे लेखी दे, रडत तोंडी सांगू नकोस. तुझ्या आईला महिनाभर तिथे घेऊन जा. तरीही नाहीच जमलं तर सोड, पण माझ्या प्रतीक्षा यादीची मुदत संपल्यावर सोड. तेव्हा दिलेला राजीनामा तुझा असेल, माझ्यासाठी दिलेला नसेल. माझं काय ते मी बघेन. पुढची भरती निघेल, मी बसेन. तोवर या घरात माझा जीव गुदमरणार आहे, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. आणि हे सगळं फोनवर का सांगितलं नाही म्हणशील, तर तू पुन्हा विचारलं असतंस, ‘देऊ का?’ आणि माझ्या तोंडून ‘दे’ निघालं असतं. पत्र पेटीत पडलं की मला ते मागे घेता येत नाही. म्हणून मिळाल्यावर दोन-चार दिवस मला फोन करू नकोस. मी केला, तर उचलू नकोस.

तुझीच,
रुपाली