वॉशिंग मशीनसाठी रचना क्रमांक एक

२ जून, सोमवार. सकाळ.
मशीन लावलं. आता तासभर नुसतं बसायचं. असे किती तास आजवर वाया गेले, देव जाणे. यापुढे एकही जाऊ द्यायचा नाही. नोकरी सोडली ती कलेसाठीच. (ऑफिसवाले काढणारच होते, पण मी आधी सोडली. फरक आहे.)
वाटणी सरळ आहे. घरकाम माझं, नोकरी शोधणं बायकोचं. शुक्रवारी तिचा इंटरव्ह्यू. ती म्हणाली, बाकी काही करू नकोस, माझा पांढरा शर्ट तेवढा धुऊन इस्त्री करून ठेव. हीही नोकरी हुकली तर हे घर सोडावं लागेल. म्हटलं, अगं, शर्ट म्हणजे काय, हातचा मळ!
तासाभरात चित्र काढणार होतो. ब्रश सापडेपर्यंत मशीन थांबलं.

३ जून. दुपार.
आज कविता. पहिली ओळ झाली: 'हे फेसा!' दुसरी येईना. येणार कशी? मशीन सारखं घरघरतंय.
थोड्या वेळाने: अरे, ही घरघर नाही! हा ताल आहे! सात मात्रा, मग जरा थांबतं, मग पाणी. पन्नाशी आली आणि आपण मुळात संगीतकार आहोत हे आज कळतंय. आईवडिलांनी लक्ष दिलं नाही, दुसरं काय.
शर्ट उद्या. वेळच वेळ आहे.

४ जून.
फोनवर रेकॉर्डिंग केलं. मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, बाबा, हे मशीन आहे. म्हटलं, बरोबर ओळखलंस! कान तयार आहे पोरीचा. माझ्यावर गेलीय.
पण रचनेत धार नाही. म्हणून मशीनमध्ये एक चमचा टाकून पाहिला. अहाहा! मग आणखी सहा.
बायकोने विचारलं, आवाज कसला? म्हटलं, बटणं. शर्ट झाला का? म्हटलं, उद्या. ती मान हलवत आत गेली. माझ्यावर पूर्ण विश्वास आहे तिचा.

५ जून, गुरुवार. संध्याकाळी ५.
आज एका दगडात दोन पक्षी. शर्ट आणि रचनेचा शेवट, एकदमच. चमच्यांनी खालचे सूर मिळत नाहीत, म्हणून आमटी वाढायचा मोठा डावही टाकला. सुरुवात अप्रतिम!
५.२०. शांतता. मध्यंतर असावं.
६. मध्यंतर लांबलंय. दार उघडत नाही. पाणी आत, शर्टही आत. काचेतून दिसतोय. डाव बाहीत शिरलाय, त्यामुळे हात वर केल्यासारखा वाटतो.
८. बायकोला सांगावं का? नको. उद्या इंटरव्ह्यू आहे, शांत झोप हवी. तिच्या भल्यासाठीच गप्प बसलो.

६ जून, शुक्रवार.
सकाळी सांगावंच लागलं. वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. तसं काही झालं नाही. ती मशीनसमोर खाली बसली, काचेतून शर्टाकडे बघत राहिली. डोळे पुसले. मग माझा निळा शर्ट घातला, बाह्या दुमडल्या आणि गेली. मला कसंतरीच झालं. रचनेत उपयोगी पडेल म्हणून इथे टिपून ठेवतो.
दुपारी मेकॅनिक आला. एकेक चमचा काढून फरशीवर मांडला. डाव निघाल्यावर त्याने विचारलं, घरात लहान मूल आहे का? मुलगी म्हणाली, नाही काका, बाबा आहेत.
मशीन कामातून गेलंय म्हणाला. त्याला संगीतातलं काय कळणार!

९ जून.
कपडे आता लाँड्रीत जातात. भांडी मुलगी घासते. मला कशालाही हात लावायला बंदी. म्हणजे अख्खा दिवस कलेला! सोन्याचे दिवस आले.
सकाळपासून बसलोय. 'हे फेसा'च्या पुढे गाडी जात नाही.

११ जून.
काही सुचत नाही. खुर्चीचा दोष असावा. पंख्याला चमचा बांधून पाहणार होतो, पण चमचे कुलपात आहेत.

१३ जून. संध्याकाळ.
लाँड्रीवाला कपडे घेऊन आला. दारातच अभिनंदन म्हणाला. मी जरा लाजलो. म्हटलं, अहो, रचना अजून अपुरी आहे. तो म्हणाला, तुमचं नाही हो, मॅडमचं! नोकरी लागली ना त्यांना. सोमवारपासून जाणार, म्हणून रोजचे शर्ट माझ्याकडे लावलेत.
आत जाऊन बायकोला विचारलं, कधी लागली? म्हणाली, मंगळवारीच कळलं. मुलीला ठाऊक. समोरच्या काकूंनाही ठाऊक. मग मला का नाही सांगितलंस? ती शर्टांच्या घड्या कपाटात लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, इंटरव्ह्यू कसा झाला ते तू विचारशील, म्हणून थांबले होते.
खूप आठवून पाहिलं. खरंच, विचारलंच नव्हतं.
म्हटलं, दे, शर्ट मी लावतो.
नको म्हणाली.