मोठ्यांदा चौतीस, खडूने अडतीस

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? थांबला असेल तर एकदम कसा थांबला ते डॉक्टरांना जरूर विचार, कारण एकदम थांबलेल्या गोष्टींचा मला भरवसा वाटत नाही. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी आत चोरासारखा बसून आहे, फटीतून बायकांच्या चपला दिसल्या की शिलाई मशीनच्या मागे दडतो, आणि दोन दिवसांपासून छातीत डाव्या बाजूला काहीतरी टोचतं आहे (आमची ही म्हणते खिशात टाचणी आहे. पाहिलं, होती. पण टोचायचं त्याच्या आधीपासून आहे). हे सगळं आपल्या पिटुकलीमुळे.

पिटुकली विम्याच्या कचेरीत चांगली चिकटली होती हे तुला माहीतच आहे. (लेकीचं हे नाव आपण ठेवलं तेव्हा ती खरंच पिटुकली होती. आता आमच्या दारातून वाकून येते.) नोकरी अजून आहे, पण संध्याकाळी ती कार्यक्रम करते. मी इतके दिवस समजत होतो, गात असेल. गळा नाही हे ठाऊक होतं, पण हल्ली गळ्यावाचून अडत नाही म्हणतात. तर गाणं नाहीच. एकटी उभी राहते, हातात माइक घेते, आणि जमलेल्या परक्या माणसांना स्वतःत काय काय कमी आहे ते सविस्तर सांगते. लोक हसतात. ह्याला कला म्हणतात. आपल्या लहानपणी आपल्यातलं उणं शेजारीपाजारी सांगायचे, तेही न बोलावता; आता ज्याचं त्याने सांगायचं आणि वर लोकांनी तिकीट काढून ऐकायचं.

पहिल्यांदा बघायला निघालो तेव्हा माझी काळजी वेगळीच होती. माइकचा शॉक बसला तर? तळघरातली खोली, आग लागली तर दार कुठे? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे कोणी आलंच नाही तर? रिकाम्या खुर्च्यांपुढे पोर स्वतःचं नाक किती मोठं आहे ते सांगत उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. म्हणून मी तिला न सांगता एक शहाणपणा केला. कपडे न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला म्हटलं, माझ्या मुलीचा कार्यक्रम आहे, आलंच पाहिजे. माझ्या भिडेखातर सगळ्या आल्या. डॉक्टरीणबाई आल्या, बँकेतल्या बाई आल्या, शाळेच्या निवृत्त हेडबाई तर बहिणीला घेऊन आल्या. पुढच्या तीन रांगा नुसत्या माझ्या शिवणकामाने भरल्या. मी मधोमध बसलो आणि प्रत्येकीचे खांदे कसे चपखल बसलेत ते बघत राहिलो.

सुरुवात बरी झाली. ती म्हणाली, बारा वर्षांची असताना वर्गातल्या मुलांच्या आधी मला मिसरूड फुटलं, आणि मुलं जळली. शाळेच्या फोटोच्या वेळी फोटोवाला मला म्हणाला, ए दादा, मुलींच्या मागे उभा राहू नकोस. ब्यूटी पार्लरची बाई माझ्या चेहऱ्याकडे अशी बघते, जसा गवंडी ओल आलेल्या भिंतीकडे बघतो, आणि मग हळूच विचारते, घरात मोठं माणूस कोणी आलंय का बरोबर? सगळ्या बायका हसत होत्या. मी मात्र दर वाक्याला मान हलवून नाही नाही करत होतो. एकदा न राहवून उठलोही आणि म्हणालो, ‘असं काही नाही हो, ओठावर नुसती लव होती!’ तर लोक त्यालाच जास्त हसले. हिने शर्ट धरून खाली बसवलं.

आणि मग ताई, ती माझ्यावर आली. म्हणाली, माझे बाबा लेडीज टेलर. फार सज्जन माणूस. गावातल्या कुठल्याही बाईच्या कमरेला टेप लावला की मोठ्यांदा म्हणतात चौतीस, आणि खडूने कापडावर रेघ मारतात अडतीसची. बाई खूश, कपडा फिट. ह्या गावात खरा आकडा ऐकलेली बाई मी एकटी, कारण माझी शिलाई फुकट होती. माझं माप तर समोरच्या फुटपाथपर्यंत ऐकू जायचं.

आता हे खरं आहे. तुला म्हणून सांगतो. बाईमाणूस टेप बघितला की श्वास रोखून पोट आत घेते. त्या वेळी खरा आकडा उच्चारणं म्हणजे पडलेल्या माणसाला किती फूट उंचावरून पडलास ते सांगणं. शिवाय ती श्वास सोडणार कधीतरी, तेव्हा कापायचं सोडलेल्या श्वासाचंच. ह्यात फसवणूक कसली? आणि घरच्या माणसाशी कशाला खोटं बोलायचं?

पण मागच्या रांगा खो खो हसत असताना माझ्या तीन रांगा गप्प झाल्या. मग एकेक मान वळायला लागली, माझ्याकडे. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो (पायात चपला होत्या). तेवढ्यात हेडबाई उभ्या राहिल्या. ज्या आवाजाने त्यांनी अर्धं गाव वठणीवर आणलं त्याच आवाजात म्हणाल्या, ‘मास्तर, वर बघा. माझं खरं किती?’

मी घाबरलो गं. जन्माची सवय. तोंडातून निघून गेलं, ‘बत्तीस, बाई!’

हेडबाईंचा देह तू पाहिलेला नाहीस, म्हणून तुला नीट कळायचं नाही. एक माणूस खुर्चीवरून खाली पडला. पिटुकली माइक खाली धरून डोळे पुसत होती. सगळे हसले, फक्त माझ्या तीन रांगा सोडून.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात एक बाई नाही. समोर नवा टेलर आला आहे, भिंतभर आरसे लावलेला. शटरच्या फटीतून मला त्याची पायरी दिसते, आणि पायरीवर एकेक ओळखीची चप्पल चढताना दिसते. ताई, ह्या वयात मी दुसरं काय शिवायला शिकू? गाद्यांच्या खोळी? गाद्या काही बोलत नाहीत म्हणा.

पिटुकलीला मी विचारलं, अगं आपणच आपलं तोंड का वाईट म्हणायचं? तर म्हणाली, ‘बाबा, आधी मी म्हटलं की दुसऱ्यांना म्हणायला काही उरत नाही.’ मी म्हटलं, माझं तरी नाव घेऊ नकोस. ती लगेच बरं म्हणाली. भांडली असती तर मला हायसं वाटलं असतं. पुढच्या महिन्यात तुमच्या गावातल्या मोठ्या हॉलमध्ये तिला बोलावणं आहे, ते ह्या मापाच्या किश्श्यासाठीच. तो वगळायचा तर येत नाही असं कळवते म्हणते. आता घरात जेवताना खाली मान घालून जेवते, एक विनोद करत नाही. हिने मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तरी काही बोलली नाही. तू वडीलधारी, तुझं ती ऐकते. तेव्हा तिला खरमरीत पत्र लिही, की हा नाद सोड आणि विम्यात लक्ष घाल. एवढं काम कर. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज हेडबाई शटरखालून वाकून आत आल्या (त्यांना वाकताना पाहून माझाच श्वास अडकला). नव्या टेलरकडे गेल्या होत्या. त्याने टेप लावला आणि पहिल्याच दिवशी आरशासमोर खरा आकडा सांगितला, वर तो पाटीवर लिहिला. माझ्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, घ्या माप. आणि बत्तीस म्हणा.’ मी म्हटलं, बाई, तुम्हाला ठाऊक आहे ना आता? तर म्हणाल्या, ‘मला ठाऊक आहे. बाहेर बहीण उभी आहे, जरा मोठ्यांदा म्हणा.’ संध्याकाळपर्यंत बाकीच्याही आल्या. बँकेतल्या बाईंनी तर घासाघीस करून एकतीसवर आणलं.

ता. क. दुसरा. वर लिहिलेलं खरमरीत पत्र लिहू नकोस. पिटुकलीला मी सांगितलं, खुशाल सांग माझ्यावर. तिने मला तिथल्या तिथे उचललं. आधीच धरलेली कंबर त्यात पुरतीच गेली. ती तुझ्याकडेच उतरेल. पलंग लांब बघ.

ता. क. तिसरा, आणि पत्र आज टाकण्याचं खरं कारण. तुमच्या हॉलसाठी तिला गावातलं माणूस हवं आहे, म्हणून ती आत्यावर काही रचते आहे. लग्नापासून तुझं माप बदललं नाही असं तू चारचौघींत सांगतेस, त्याबद्दल. ताई, तुझ्या कपड्यांच्या शिवणीत मी आत दुमडलेल्या कापडाची माया जरा जास्तच ठेवतो आणि दर वर्षी थोडी उसवून पाठवतो. आकडा विचारू नकोस, मी तुला तोंडावर बत्तीसच सांगेन. तर हे स्टेजवर सांगायला तुझी परवानगी आहे ना? नसेल तर कळव, पण कळवून उपयोग नाही, कारण काल तिने इथे सांगूनही टाकलं. लोक फार हसले. मी सगळ्यांत मोठ्यांदा हसलो, म्हणून हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी लिहितो आहे.